माहीमच्या खाडीपलीकडे : मुंबई उच्च न्यायालय आणि नागरिकांचे मूलभूत अधिकार

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत मुंबई उच्च न्यायालयाचे नवे संकुल उभे राहत आहे. त्यासाठी ३०.१६ एकर जागा ठरली असून ती टप्प्याटप्प्याने ताब्यात येत आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते पायाभरणी झाली. दोघांनीही याच उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून काम केलेले आहे. या निमित्ताने संस्थेचा इतिहास लिहायचा तर १८६२ सालचे लेटर्स पेटंट, फोर्टमधली गॉथिक इमारत, रानडे, तेलंग, चंदावरकर अशी न्यायमूर्तींची मालिका हा मार्ग रुळलेला आहे. त्या अंगाने पुष्कळ लिहून झाले आहे. मी इथे एकच प्रश्न धरून जाणार आहे. वांद्र्याच्या साध्या माणसाला या न्यायालयाचा आधार कधीपासून मिळू लागला, आणि तो कोणी मिळवला?

उत्तर शोधायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. उच्च न्यायालयाच्या आधी मुंबईत इंग्रज राजाच्या सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट होते. १८२८ साली या कोर्टाने हेबियस कॉर्पसची दोन रिटे काढली. एक पुण्याचे पांडुरंग रामचंद्र यांच्या नावे होते. त्यांच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ या मुलाला कोर्टापुढे हजर करा, असा त्यात हुकूम होता. दुसरे ठाण्याच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या नावे, तिथे डांबलेल्या एका कैद्यासाठी. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ही रिटे बजावू देण्यास नकार दिला. बेटाबाहेरच्या माणसांवर या कोर्टाचा अधिकार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. तोवर दोन सहकारी न्यायाधीश मरण पावल्याने सर जॉन पीटर ग्रँट कोर्टात एकटे उरले होते. आपल्या हुकुमाची अंमलबजावणी होत नसेल तर न्यायदान चालवण्यात अर्थ नाही, असे म्हणून त्यांनी १८२९ साली कोर्टाचे कामकाजच बंद केले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि तिथे सरकारचा विजय झाला. कोर्टाचे रिट मुंबई बेटापुरतेच चालेल, असे ठरले.

बेट संपते माहीमला. वांद्रे खाडीच्या पलीकडे, साष्टीत, ठाण्याच्या मुलखात. १८४५ साली लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून माहीमचा पूल बांधून झाला आणि माणसे, गाड्या, भाजीच्या पाट्या खाडी ओलांडू लागल्या. रिट मात्र ओलांडू शकले नाही. १४ ऑगस्ट १८६२ रोजी उच्च न्यायालय सुरू झाले तेव्हा सुप्रीम कोर्टाचे अधिकार त्याच्याकडे आले, पण हद्दही तीच आली. वांद्र्याची अपिले या न्यायालयात जात होती. सरकारी अधिकाऱ्याने बेकायदा वागू नये म्हणून थेट रिट मागण्याची सोय मात्र माहीमपर्यंतच होती. विसाव्या शतकात कायद्यात दुरुस्त्या होऊन ही चौकट थोडी सैल झाली आणि १९४५ साली स्वतंत्र कायदा करून न्यायालयाच्या मूळ शाखेची हद्द बृहन्मुंबईपर्यंत नेण्यात आली. खरी भिंत पडली ती २६ जानेवारी १९५० रोजी. संविधानाच्या कलम २२६ ने उच्च न्यायालयाला आपल्या संपूर्ण क्षेत्रात, कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध, मूलभूत अधिकारांच्या रक्षणासाठी रिट काढण्याचा अधिकार दिला. वांद्र्याचा, वर्ध्याचा आणि वेंगुर्ल्याचा माणूस गिरगावच्या माणसाच्या बरोबरीला आला तो या एका कलमाने.

हक्काचे कलम हाताशी नसताना मुंबईच्या न्यायालयांत काय घडत असे, याचे दोन दाखले महाराष्ट्राला पाठ असायला हवेत. १९०८ साली न्या. दावर यांनी लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाखाली सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधील लैंगिक विषयांवरील लिखाणासाठी अश्लीलतेचा खटला चालला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२३ पासून ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत होते. युक्तिवाद करूनही ते खटला हरले. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य सरकारला बांधून ठेवणारा हक्क म्हणून कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते, त्यामुळे चांगल्यात चांगला वकीलही न्यायाधीशाच्या समजूतदारपणावरच विसंबून होता. पुढे संविधान सभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी आजच्या कलम ३२ वर बोलताना आंबेडकरांनी, हक्क नाकारला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या या हक्काला सगळ्या संविधानाचा आत्मा मानले. मुंबईच्या कोर्टात असे खटले लढवलेल्या वकिलाचा अनुभव त्या भाषणामागे होता, असे मला ठामपणे वाटते.

टिळकांना शिक्षा झाली त्या दालनाबाहेर १९५६ साली त्यांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी लावण्यात आली. मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांनी तिचे अनावरण केले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच शिक्षा भोगणाऱ्याचे शब्द आपल्या भिंतीवर कोरून घ्यावेत, हे फार थोड्या संस्थांना जमते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे छागलांची. दारूबंदीच्या कायद्याला आव्हान देणारी बालसारा यांची याचिका १९५० सालीच आली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली आणि १९५१ मध्ये कायद्याचा मोठा भाग टिकला. पण मद्याची नुसती स्तुती करणेही गुन्हा ठरवणारे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून गेले. त्याच सुमारास नरसू अप्पा माळी प्रकरणात छागला आणि गजेंद्रगडकर यांनी हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंदी घालणारा १९४६ चा मुंबईचा कायदा उचलून धरला. ते उत्तमच झाले. मात्र त्याच निकालात, व्यक्तिगत कायदे मूलभूत अधिकारांच्या कसोटीवर तपासता येणार नाहीत, असेही म्हटले गेले. त्या एका वाक्याची किंमत सगळ्या धर्मांच्या स्त्रिया आजतागायत मोजत आहेत. संस्थेच्या इतिहासात हेही नोंदले गेले पाहिजे.

मला स्वतःला सर्वांत जवळचे वाटते ते प्रभाकर संझगिरी यांचे प्रकरण. ते कम्युनिस्ट कार्यकर्ते. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध करून ठेवले होते. देशात चीन युद्धाच्या वेळी जाहीर झालेली आणीबाणी लागू होती आणि व्यक्तिस्वातंत्र्यासाठी कोर्टात जाण्याच्या हक्कावर बंधने होती. संझगिरींनी तुरुंगात, सरकारच्याच परवानगीने, मराठीत एक पुस्तक लिहिले. नाव 'अणूच्या अंतरंगात'. अणूची रचना, त्यातले कण, त्यांचे विज्ञान. हे हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायचे होते. सरकारने नकार दिला. कारण काय, तर स्थानबद्धांच्या नियमावलीत पुस्तक लिहून प्रसिद्ध करण्याचा हक्क दिलेला नाही.

उच्च न्यायालयाने पुस्तकातले विषय पाहिले, त्यात शुद्ध विज्ञान आहे हे नोंदवले आणि हस्तलिखित पाठवू द्यावे असा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बा राव यांनी सरकारचे अपील फेटाळले. त्यांच्या निकालाचा गाभा असा : नियमावलीत लिहिलेल्या गोष्टी म्हणजे सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेल्या सवलती नव्हेत, त्या स्वातंत्र्यावर घातलेल्या मर्यादा आहेत. नियमाने जे रोखलेले नाही ते करण्याचे स्वातंत्र्य बंदिवानालाही उरते. तुरुंगाधिकाऱ्यांच्या विचाराची दिशाच या निकालाने उलटी केली. पुढे कैद्यांच्या हक्कांबाबत देशभर जे निकाल झाले त्यांच्या मुळाशी अणूविषयीचे हे मराठी पुस्तक आहे. आपल्या शाळांतून विज्ञान आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या किती शिक्षकांना ही हकिकत ठाऊक असेल?

मग १९७५ आले. जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. मुंबईत काही वकिलांनी जिना हॉलमध्ये बंद दाराआड एक सभा घ्यायचे ठरवले. विषय होता संविधानातील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. वक्त्यांत निवृत्त सरन्यायाधीश जे. सी. शाह आणि छागला. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. नथवानी यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा सोली सोराबजी मसानींच्या बाजूने लढले. एकल न्यायमूर्तींनी मसानींना न्याय दिला आणि १० फेब्रुवारी १९७६ रोजी न्या. मादन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठाने तो निकाल बहुतांशी कायम ठेवला. जनमत एकाच साच्यात घालणे हे सेन्सॉरचे काम नाही, शांततेने केलेली टीका म्हणजे द्रोह नव्हे, असा त्या निकालाचा सूर होता. बदलीची टांगती तलवार डोक्यावर असताना हे लिहिले गेले, हे विसरू नये.

त्या काळात देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या हेबियस कॉर्पस याचिका ऐकून घेण्याची भूमिका घेतली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी वाट बंद केली. जबलपूरच्या त्या प्रकरणात चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले, एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध. आणीबाणीत बेकायदा अटक झाली तरी माणसाला कोर्टात जाता येणार नाही, असे ठरले. चौघांत न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते : पुण्यात शिकलेले, मुंबई उच्च न्यायालयात वकील आणि नंतर न्यायमूर्ती म्हणून घडलेले. आपल्या घरातला माणूस चुकला की त्याविषयी गप्प बसण्याची संस्थांना सवय असते. मला ती सवय धोक्याची वाटते. तो निकाल चूक होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या निकालात, त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी, तो निकाल रद्दबातल ठरवल्याचे स्वतःच्या लेखणीने लिहिले.

आणि वांद्र्याशी सर्वांत जवळून जोडलेला निकालही यशवंत चंद्रचूडांचाच आहे.

पश्चिम द्रुतगती महामार्ग वांद्र्यापासून सुरू होतो. १९६० च्या सुमारास त्याच्या कडेने पाण्याचे नळ टाकण्याचे काम चालले होते. त्या कामावरच्या मजुरांनी लगत झोपड्या बांधल्या आणि कामराज नगर नावाची वस्ती झाली. पाचशेच्या वर झोपड्या. राहणारे कोण, तर महापालिकेचे कामगार, कारखान्यात आणि हॉटेलांत राबणारे, बांधकामावर देखरेख करणारे. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवून दिले जाईल. भर पावसाळ्यात. २३ जुलैला विलेपार्ल्याच्या बाजूला महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या, तामिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातून आलेल्या एका भूमिहीन मजुराची झोपडी पाडली गेली. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला एसटीच्या बसमध्ये कोंबून मुंबईबाहेर पाठवण्यात आले. बायको-मुली गावाकडे राहिल्या. तो पोटासाठी परत आला, कारण गावात काम नव्हते. म्हणून तर तो मुळात आला होता.

काही वस्त्यांचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, नंतर १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत झोपड्या न पाडण्याचे सरकारपक्षाने मान्य केले. त्या बदल्यात याचिकाकर्त्यांना कबूल करावे लागले की सार्वजनिक जागेवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्हाला नाही. पत्रकार ओल्गा टेलिस, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि पदपथवासी यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे महापालिकेने हीच कबुली पुढे केली : तुम्ही आधीच मान्य केले आहे, आता बोलता कसे? न्यायालयाने उत्तर दिले की मूलभूत अधिकार कोणाला सोडून देता येत नाहीत. संविधानाविरुद्ध कोणाचीही कबुली चालत नाही. गरीब माणूस अडचणीत कशावरही सही करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या वाक्याचे मोल कळेल.

१० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याचा हक्क म्हणजे उपजीविकेचाही हक्क. उपजीविका काढून घेतली की जगणे काढून घेतले. इंदिरा जयसिंग यांच्यासारख्या वकिलांनी लढवलेला हा मुद्दा त्या दिवशी कलम २१ मध्ये कायमचा जाऊन बसला, आणि पुढे जगभरातल्या न्यायालयांनी गरिबांच्या हक्कांविषयी बोलताना या निकालाचा आधार घेतला. पण याचिकाकर्ते? ते हरले. महापालिका कायद्याचे कलम ३१४ वैध ठरले. नोटीस देऊन, म्हणणे ऐकून घेऊन झोपड्या हटवता येतील, पण ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी, म्हणजे पावसाळा सरण्याआधी नाही. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी. बाकीच्यांना नाही. तत्त्व जिंकले आणि तत्त्वासाठी आलेली माणसे फुटपाथवरून उठवली गेली. या निकालाचा अभिमान बाळगताना मला नेहमी संकोच वाटतो, आणि तो वाटत राहावा अशीच माझी इच्छा आहे.

एक गोष्ट मात्र त्यातून निघाली. निकालानंतर 'स्पार्क' या संस्थेने पदपथवासीयांची स्वतः गणना केली आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी यादीत नसलेली माणसे प्रथमच कागदावर आली. त्यात भायखळ्याच्या पदपथांवरच्या बायका पुढे होत्या. कोर्टात हरलेला दावा घेऊन त्या महापालिकेशी आणि सरकारशी वर्षानुवर्षे बोलत राहिल्या, आणि त्यांतल्या अनेकींना पुढे पक्की घरे मिळाली.

अंतुले यांच्याच कारकिर्दीतला आणखी एक निकाल उपनगरातल्या माणसांनी मिळवला. सरकारी कोट्यातल्या सिमेंटच्या वाटपात मनमानी झाली, अशी याचिका प. बा. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च न्यायालयात केली. सामंत गोरेगावचे, मृणालताई गोऱ्यांच्या फळीतले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. बख्तावर लेंटिन यांनी मुख्यमंत्र्यांविरुद्ध निकाल दिला आणि अंतुले पायउतार झाले. मुख्यमंत्र्याला खुर्ची सोडायला लावणारा निकाल त्याच राज्याच्या उच्च न्यायालयात होतो, हे मराठी माणसाने तेव्हा प्रथमच पाहिले.

नंतरच्या दशकांतले निकाल झरझर सांगतो. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेऊन सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि पोलीस कोठडीतल्या बायकांसाठी वेगळी व्यवस्था, स्त्री पोलिसांची देखरेख व मोफत वकील हे आदेश निघाले. १९८६ मध्ये मानसिक आजाराने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयात हा निकाल टिकला नाही, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बहुतांशी तीच भूमिका घेतली. १९९७ मध्ये एचआयव्हीची लागण झाली म्हणून काम गेलेल्या एका कामगाराला उच्च न्यायालयाने टोपणनावाने दावा चालवू दिला आणि काम करायला तो समर्थ असताना त्याला काढता येणार नाही, असे सांगितले. नाव उघड झाले असते तर तो बहुधा कोर्टात आलाच नसता. २०१६ साली न्या. अभय ओक व न्या. गुप्ते यांनी, दुसऱ्या राज्यातून आणलेले गोमांस घरात असणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणूस स्वतःच्या घरात काय खातो याची झडती सरकारने घेऊ नये, हा विचार त्यात होता. सर्वोच्च न्यायालयाचा खासगीपणाचा निकाल त्यानंतर वर्षाने आला. २०१६ सालीच हाजी अलीच्या दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क याच न्यायालयाने मान्य केला.

माहूलचे प्रकरण मात्र घाईने सांगण्यासारखे नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवा, हा आदेश उच्च न्यायालयानेच दिला होता. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता, जनहित याचिका होती. आदेश चुकीचा म्हणता येणार नाही. पण विद्याविहार-घाटकोपरकडची हजारो कुटुंबे उठवून महापालिकेने ती माहूलला, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या इमारतींत पाठवली. हवा इतकी वाईट की माणसे आजारी पडू लागली. रहिवाशांनी महिनोन् महिने आंदोलन केले आणि त्याच न्यायालयाच्या दारात ते परत गेले. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की कोणालाही माहूलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. सरकारने दुसरीकडे घर द्यावे, नाहीतर भाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये आणि अनामतीचे ४५,००० रुपये द्यावेत. एका आदेशाने घर गेले, दुसऱ्याने श्वास परत मिळाला. न्यायालय हक्कांचे रक्षण करते असे आपण सरसकट म्हणतो. खरे तर प्रत्येक वेळी कोणाचे म्हणणे न्यायमूर्तींपर्यंत पोचले, यावर बरेच काही ठरते. जलवाहिनीचा आदेश झाला तेव्हा झोपडीतल्या माणसाचे म्हणणे पुरेसे पोचले नव्हते.

याच कारणासाठी न्यायालय माणसांच्या जवळ जाणे मला इतके मोलाचे वाटते. नागपूर, औरंगाबाद, पणजी ही खंडपीठे आधीपासून होती. कोल्हापूरच्या वकिलांनी आणि लोकांनी दशकानुदशके लढा दिल्यावर १७ ऑगस्ट २०२५ रोजी तिथे सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. सिंधुदुर्गाच्या माणसाची मुंबईची फेरी वाचली. मुंबईपुरते पाहिले तर वांद्रे पूर्व हा भाग न्यायाच्या आणि हक्काच्या कामांचा आधीच नाका आहे. उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय १ ऑक्टोबर १९९० पासून इथे आहे. दंडाधिकारी न्यायालय, लघुवाद न्यायालयाची शाखा, कुटुंब न्यायालय इथे आहे. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि म्हाडा इथेच. म्हणजे ज्या नोटिसांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका होतात त्यांतल्या बऱ्याच नोटिसा याच परिसरातून निघतात, आणि त्या ज्यांच्या हातात पडतात ती बेहरामपाडा, गरीब नगर, भारत नगरची माणसेही इथलीच.

शासकीय वसाहतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांचा प्रश्नही या जागेशी बांधलेला आहे. याच परिसरात मालकीच्या घरांसाठी जागा मिळावी, ही त्यांची जुनी मागणी. हक्कांचे रक्षण करणारी वास्तू उभी करताना तिथून उठणाऱ्या माणसांचे म्हणणे नीट ऐकले गेले, असा या संकुलाचा इतिहास लिहिता यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी बुलडोझरच्या प्रकरणात देशभरासाठी नियम घालून दिले. १५ दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई. ओल्गा टेलिस निकालातली सुनावणीची अट त्यात अधिक कडक झाली. मात्र त्याच निकालात एक अपवाद आहे : रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे १९८१ साली ज्याला एसटीत कोंबले त्या मजुराला नव्या नियमांचा आधार मिळणार नाही. त्याला अजूनही १९८५ च्या निकालाचाच आधार घ्यावा लागेल. वांद्रे स्थानकाच्या दोन्ही बाजूंना आणि महामार्गाच्या पुलांखाली तो आजही राहतो.

अशा माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अटही नाही. उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती हे काम करते. नव्या संकुलाच्या नकाशात न्यायमूर्तींची दालने, वकिलांच्या खोल्या, वाहनतळ यांची जागा ठरलेली असणार. विधी सेवा समितीचे कार्यालय तळमजल्यावर, लोकांच्या प्रवेशद्वाराला लागून, खेरवाडीच्या रस्त्यावरून चालत येणाऱ्याला पास न काढता शिरता येईल असे असावे. तिथे मराठीत आणि हिंदीत अर्ज लिहून देणारा माणूस बसावा, आणि निकालाचा अर्थ अशिलाला त्याच्या भाषेत समजावून सांगण्याची सोय असावी. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि ज्याच्या घराचा निकाल लागतो त्याला तो बहुधा वाचता येत नाही. बांधकाम अजून चालू आहे तोवर या दोन गोष्टी नकाशात घालणे कठीण नाही.